रेव्हरंडांच्या खुर्चीवरचे काळे कापड

मी, ओडेला मेरिवेदर, वय ८४, राहणार पाइन स्ट्रीट, विलो बेंड, अलाबामा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे साथ देत नाहीत, पण डोके जागेवर आहे. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व परसातले पीचचे झाड माझी पुतणी लॅव्हर्न हिला.

२. मक्याच्या पावाचा बिडाचा तवा आमच्या चर्चचा कारभार पाहणारे डीकन हॉरेस टिब्ज यांच्या पत्नीला. "ओडेलाच्या हाताची चव नाही तुला," असे ते तिला चारचौघांत ऐकवत आले. आता तवाही तोच असेल. मग खोट हाताची की जिभेची, हे त्यांनी ठरवावे.

३. माझे पती, कै. रेव्हरंड आयझम मेरिवेदर, यांनी या गावातल्या काळ्या माणसांना मतदानाच्या रांगेत उभे केले. पोलिसांची पहिली काठी स्वतःच्या डोक्यावर झेलली. हे कोणी पुसू नये. घरोघर फिरून ती रांग आम्ही बायकांनी जमवली, आणि व्यासपीठावर बसायची वेळ आली तेव्हा त्यांनी आम्हाला स्वयंपाकघर दाखवले, हेही पुसू नये. पुढे होणे त्यांना येत होते, बाजूला होणे कधी जमले नाही.

४. चर्चमधली त्यांची अक्रोडाची खुर्ची माझ्या वडिलांनी घडवलेली आहे. ती वापरायला दिली होती, दान केलेली नाही. आयझम गेल्यावर रीतीप्रमाणे तिच्यावर काळे कापड घातले. नवा पाळक आला की ते काढायचे असते. पाळक आले आणि गेले, कापड तसेच आहे.

गेल्या वसंतात आमच्या वस्तीतले मतदान केंद्र बंद झाले. लॅव्हर्नने सभा बोलावली आणि ती चालवताना स्वतः पायरीवर बसली. एकीने तिला खुर्ची दाखवली, तेव्हा हॉरेस म्हणाले, "पोरी, तिथे बसायला तसा माणूस लागतो. देव पाठवेल."

लॅव्हर्न म्हणाली, "पाठवलाही असेल, काका. तुम्ही तोंड बघून परत धाडला असेल."

५. तेव्हापासून आयझम माझ्या स्वप्नात येतात. चर्चमध्ये घोट्याएवढे कोमट पाणी असते, बाकांखालून मासे फिरतात. बाकांवरच्या बायकांच्या हातांत हलणाऱ्या पुठ्ठ्याच्या पंख्यांवर आयझमचेच चित्र असते. ते बूट हातात घेऊन, दमून आत येतात. खुर्चीपाशी जातात, तर हॉरेस अदबीने अडवतात. "माफ करा हं, ही आमच्या रेव्हरंडांची जागा आहे."

मग मी बाकावर सरकून घेते. ते बायकांमध्ये येऊन टेकतात आणि हळूच विचारतात, "ओडेला, तिथे कोणी बसत का नाही गं?"

६. म्हणून ती खुर्ची लॅव्हर्नला. संग्रहालयाने मागितली तरी देऊ नये. लॅव्हर्नने तीत बसावे, आणि तिच्याहून दमलेला कोणी आला की उठावे. काळे कापड माझ्याबरोबर पुरावे.

स्थळ: विलो बेंड. १४ मार्च २०१९.
सही: ओडेला मेरिवेदर

साक्षीदार १: कोरा लीथ, शेजारीण
साक्षीदार २: हॉरेस टिब्ज, डीकन. सगळे वाचून सही केली. ताई, कापड मी येत्या रविवारीच काढतो, तुम्ही पुढच्या बाकावर या. तव्याचे कलम तेवढे खोडा.