मामाच्या जहाजाचा डेक

१२ जानेवारी
करायचं नव्हतं ते आज केलं.
सुखराममामा बजारात गेला, तं मी खिडकीतून त्याच्या खोलीत घुसलो. मामा जिंदगीभर समुद्राकडच्या गोदीत सुतार होता. आता घरी जुन्या शिडाच्या जहाजाचं मॉडेल बनवते. डेकवर सागवानाच्या बारीक पट्ट्या मांडून ठेवल्या होत्या, गोंद लावाचा बाकी. मामा नेहमी सांगते, "एका पट्टीचा जोड बाजूच्या पट्टीच्या जोडाजवळ येऊ द्याचा नाई. भिंतीत इटा रचतेत तसं. नाई तं डेक तिथंच उकलते."
मी पट्ट्या सरकवल्या. सारे जोड एका लाइनीत! पाहू, कसा चिडते तं.

१३ जानेवारी
चिडला नाई. नुसता पाहत राहिला. मंग मले म्हने, "तू हात लावला का रे?"
"मायची कसम, नाई."
सवयीनं निंगालं तोंडातून. माय जाऊन दोन वर्सं झाले. मामाची एकुलती बहीन, उषी.
"मंग मीच असं मांडलं असन," मामा म्हने.

१४ जानेवारी
संक्रांत. मामानं तिळगूळ तोंडात घातला नाई. डेकले हातबी लावला नाई. त्याची पोरगी, डिंपलताई, मले बाजूले घेऊन म्हने, "गोमाजी आजाचं, बाबाच्या बापाचं, असंच झालं होतं. पयले काम भुलला, मंग आमाले भुलला. बाबाले त्याचंच भेव हाये."
मले जेवन गेलं नाई.

१५ जानेवारी
मामा न्हानीत होता. पटकन पट्ट्या पयल्यासारख्या मांडल्या, जोड मागं-पुढं. वाटलं, आता खुश होईन.
मामा आला. पाहलं. खालीच बसला.
"परवा चुकलेलं दिसलं, आज बरोबर दिसते. डिंपल, माया डोस्क्याचा भरोसा नाई आता."
रंधा, करवत, सारं पेटीत भरलं. पेटी मायाच हाती देल्ली.

१८ जानेवारी
सांगून टाकलं. सारंच.
मामानं आयकलं. मायाच डोक्यावरून हात फिरवला. "मले बरं वाटावं म्हनून आपल्या अंगावर घेऊन राहिला ना? पोट्ट्या, तू कितीबी बदमाश असला, तरी उषीची कसम खोटी खानार नाई."
मी लय समजावलं. तो हासतच होता.

२० जानेवारी
मामाले आज नागपूरले नेलं, डोस्क्याच्या डॉक्टरकडे. निंगताना मायच्या फोटोले हात जोडून म्हने, "उषे, तुया पोरगा सुधरला वं."
हे पान कोनाच्या हाती लागलंच, तं पाया पडतो, कोनाले सांगू नका. मायले तं नाईच नाई.