रेमी आधी बोलला होता

मी, गिल्दास केरवेला, वय सत्तावन्न, व्यवसाय साप्ताहिकांना विज्ञान व विचारविश्वाची वार्तापत्रे पाठवणे, राहणार पॅरिस, हे मृत्युपत्र स्वहस्ते व राजीखुशीने लिहीत आहे. यकृत गेले तरी डोके शाबूत आहे असे डॉक्टर म्हणतात. माझे वाचक याबाबत साशंक आहेत.

१. मला अपत्य नाही. राहते घर व बँकेतील शिल्लक ओदेत लोबरी यांना मिळावी. त्या रविवारच्या बाजारात चीज विकतात. हे दान नव्हे. कारण कलम ३ मध्ये.

२. संस्कृत ग्रंथ विद्यापीठास. ‘निरीक्षकाचे सत्य’ या माझ्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती रद्दीत. सापेक्षतेच्या सिद्धान्तावरून सत्यही ज्याचे त्याचे असते, असे मी त्यात सिद्ध केले होते. ते इतके गाजले की कॉफी गार आहे म्हटले तर कोपऱ्यावरचा वेटर म्हणे, “तुमच्या दृष्टीनं.” एका प्रयोगशाळेचे संचालक फोशरों यांची प्रस्तावना फाडून ठेवली आहे, ती त्यांना परत करावी.

३. मे १९९६ मध्ये मी फोशरों यांच्या मुलाखतीस गेलो असता तंत्रज्ञ रेमी लोबरी, म्हणजे ओदेत यांचे पती, आत आले.

“साहेब, टाकीचा व्हॉल्व्ह अडकतोय. आज नको.”

“तुझं रोजचंच रडगाणं! चालू कर.”

वीस मिनिटांनी द्रवरूप नायट्रोजनची टाकी फुटली. रेमी जागीच गेले. रेमीने काही सांगितलेच नव्हते, असे फोशरों चौकशीत म्हणाले. ऐकणारा तिसरा मीच; आणि त्यांची प्रस्तावना छापखान्यात होती. मी जबानी दिली की स्मृती हीदेखील एक रचना असते, प्रत्येकाचे ऐकणे आपापल्या चौकटीतले असते. न्यायाधीश बाई म्हणाल्या, “महाशय, मी व्हॉल्व्हबद्दल विचारलंय.”

ठपका मृतावर आला. निष्काळजी माणसाची बायको म्हणून ओदेत तेरा वर्षे जगत आल्या आहेत. तरुणपणी न्यायदर्शन शिकताना ‘प्रत्यक्ष’, म्हणजे स्वतः पाहिले-ऐकलेले, हे पहिले प्रमाण मी पाठ केले होते. गुणही बरे पडले होते.

माझी थोरली बहीण सोलांज पदार्थविज्ञान शिकवायची. जबानी वाचून तिने फोन केला. “गाढवा, निरीक्षक बदलला की घड्याळं बदलतात. पण कारण आधी आणि परिणाम नंतर, हे कुणालाच उलटं दिसत नाही. रेमी आधी बोलला, मग टाकी फुटली. पुस्तक लिहिण्याआधी एवढं तरी विचारायचंस मला!” पुढे ती माझ्याशी बोलली नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिचे बरोबर होते, हे मी शवपेटीला सांगितले.

४. सबब नोंदवतो : रेमी यांनी धोक्याची सूचना दिली. फोशरों यांनी ती ऐकली. मीही ऐकली.

५. स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्रास येथे साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, माझ्या एकट्याच्या शब्दाचा अनुभव वाईट आहे. म्हणून इमारतीच्या रखवालदार मादाम पिंतो यांना बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला. त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

“म्हणजे तुम्ही मरेपर्यंत त्या बाईनं वाट बघायची? तेरा वर्षं कमी पडली का हो?”

मी पेनाचे टोपण पुन्हा काढले व पुढचे कलम लिहिले.

६. कलम ४ माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. त्याची सही केलेली एक प्रत आज न्यायालयात जाईल. दुसरी घेऊन मी ओदेत यांच्या घरी जात आहे. त्यांनी दार उघडले नाही, तर पायरीवर उभा राहून मोठ्याने वाचीन. शेजाऱ्यांनाही ऐकू जायला हवे.

सही : गिल्दास केरवेला
साक्षीदार : १) लुर्देस पिंतो, रखवालदार २) आन्सेल्म तिबू, शेजारी, दुसरा मजला
पॅरिस, १४ मार्च २००९, सकाळी