मैथिलीचे चौसष्ट दिवस

शास्त्री नगर, जयपूर
५ जानेवारी २०२५

ती. प्रसन्नदादास,
सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू कोसळतं आणि मग दोघांचंही बोलणं राहून जातं, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाईट आलंय. एका हातावर तुझी भाची आहे.

मैथिली आज एकोणीस दिवसांची झाली. काल तपासणीचा कागद आला. अठराव्या जोडीत एक गुणसूत्र जास्तीचं आहे. हृदयाला छिद्र आहे, तिला दूध ओढता येत नाही, नाकातल्या नळीतून तासातासाला थोडं थोडं द्यावं लागतं. मुठी घट्ट मिटलेल्या असतात, तर्जनी मधल्या बोटावर चढलेली. मी अकरा वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवते आहे, दादा. ती बोटं मी पहिल्या दिवशीच पाहिली होती. कागद येईपर्यंत कुणाला बोलले नाही, देवेंद्रलाही नाही. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे, फार तर काही महिने. ऑपरेशनचा उपयोग नाही, घरी न्या.

प्रसूतीनंतर वॉर्डातल्या आया बधाई द्यायला आल्या आणि बाळाकडे बघून गप्प झाल्या. तेव्हापासून आमच्याकडे सगळे गप्पच आहेत. देवेंद्र सकाळी विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जातो, संध्याकाळी येऊन तिच्या शेजारी बसतो, बोलत नाही. वरच्या घरमालकीणबाई कढी आणून देतात आणि दारातूनच परत जातात.

तू चर्चचा पाळक आहेस, म्हणून विचारते. मी आता प्रार्थनेत काय मागू? बरं कर म्हणायला जीभ वळत नाही, लवकर ने म्हणायला तर नाहीच नाही. तू मला चिडवायचास की विनू प्रार्थनेत देवाला यादी वाचून दाखवते. यादी संपली बघ.

वहिनीला सलाम. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
विनू

*

नगर
१४ जानेवारी २०२५

चि. विनया हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी आणि सुधाने तीन दिवस उपास धरला आहे. सुधाने चार दुपटी शिवून पाठवली आहेत, जुन्या सुती साड्यांची, मऊ आहेत.

विनू, डॉक्टरांचं बोलणं ऐक, पण मनात धरू नकोस. रविवारी मी उपासनेत उभं राहून सांगितलं की माझी भाची बरी होणार. सगळी मंडळी उठून उभी राहिली. मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी आपला आशीर्वाद मेळावा आहे. चार तालुक्यांतून लोक येतील. तेव्हा मैथिलीला घेऊन तू व्यासपीठावर यायचंस. मी फलक छापायला टाकलेत.

तोपर्यंत तोंडातून एकही अभद्र शब्द काढू नकोस. महिने, आठवडे हे शब्द घरात नकोत. आणि रागावू नकोस, मोठा भाऊ म्हणून विचारतो. तुम्हा दोघांच्या मनात काही राहून गेलं आहे का, देवापुढे कबूल न केलेलं? आशीर्वाद वाटेत अडतो तो अशाच कशाने तरी. शांतपणे शोधा.

तुला लहानपणी विंचू चावला तेव्हा मी रात्रभर तुझा पाय धरून बसलो होतो, आठवतं ना. आताही धरूनच बसलो आहे.

देवेंद्ररावांना सलाम. कळव.

तुझा,
प्रसन्नदादा

*

शास्त्री नगर, जयपूर
२४ जानेवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

दुपटी मिळाली. वहिनीला सांग, निळं तिला फार शोभतं.

तू शोधायला सांगितलंस, आम्ही शोधलं. देवेंद्रने लग्नाआधी सिगारेट ओढली होती, मी आईच्या शेवटच्या आजारपणात एकदा तिच्यावर ओरडले होते. एवढ्यासाठी देव सव्वादोन किलोच्या लेकराचं हृदय उसवत असेल, तर दादा, मला त्याच्याशी बोलायचं नाही.

आता मंगळवारी काय झालं ते सांगते. सकाळी अकराला दारात ढोलक वाजली. इथे घरात मूल झालं की किन्नर बधाई मागायला येतात, नाचतात, गातात, बाळाला दुवा देऊन जातात. कुणीतरी आमचं नाव सांगितलं असणार. मी एका हातात दुधाची सिरिंज घेऊन दार उघडलं. तिघीजणी होत्या. पुढची पन्नाशीची, कपाळाला मोठी टिकली, नाव नगीनाबाई. मुलगा की मुलगी विचारत त्या आत शिरल्या, बाकीच्या दोघींनी टाळ्या सुरू केल्या होत्या. नगीनाबाईंची नजर मैथिलीवर गेली आणि त्यांनी हात वर करून ढोलक थांबवली.

त्यांनी विचारलं, घेऊ का. पस्तीस दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं, दादा. घरमालकीणबाईंनी नाही, इथल्या चर्चमधून भेटायला आलेल्या बायकांनी नाही. नळीला धक्का न लावता त्यांनी तिला उचललं. किती दिवस, असं सरळ विचारलं. मी सरळ सांगितलं.

त्यांच्यातली धाकटी नेहमीसारखी शंभर वर्षं जगण्याची दुवा म्हणायला लागली. नगीनाबाईंनी तिला गप्प केलं. म्हणाल्या, या बच्चीपुढे खोटं बोलायचं नाही. मग मैथिलीच्या मिटल्या मुठीवर स्वतःचा हात ठेवून त्यांनी दुवा दिली, की जितके दिवस आहेत तितके दिवस हिला कुणी खाली न ठेवो. मी ओढणीच्या टोकातून काही द्यायला गेले, तर इथलं काही घेणार नाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या, ढोलक न घेता. आता रोज येतात. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात राहतात, तिथून ई-रिक्षा करून. मी तासभर झोपते, त्या बाळाला घेऊन फेऱ्या मारतात. देवेंद्र परवा लवकर आला, त्यांना पाहिलं आणि स्वतः चहा करून आणला. त्या दिवशी तो महिन्याभरात पहिल्यांदा बोलला.

तुझ्या मेळाव्याचा फलक वहिनीने मोबाइलवर पाठवला. आशीर्वादित कुटुंब, गाडीच्या चाव्या हातात घेतलेलं. बाबा गावातल्या चर्चमध्ये वाचायचे तो शब्द वेगळा होता, धन्य. डोंगरावर बसून प्रभूने ज्यांना धन्य म्हटलं ते गरीब होते, भुकेले होते, रडत होते. त्याने म्हटलं तेव्हा त्यांचं रडणं थांबलेलं नव्हतं. मला धन्य वगैरे काही वाटत नाही, खरं सांगते. मला फक्त झोप येते. पण फलकावरच्या त्या माणसांत मला जागा नाही, एवढं कळतं.

मी मेळाव्याला येणार नाही. माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
विनू

*

नगर
३१ जानेवारी २०२५

विनया,
सलाम.

बाबांच्या नातीला तू टाळ्या पिटत दारोदार फिरणाऱ्यांच्या हातात दिलंस, आणि वर मला बाबांचा शब्द शिकवतेस. बाबांनी शिंदीच्या झाडाखाली उभं राहून मंडळी जमवली, ती असल्या दुवा घ्यायला नव्हे. मी इथे शेकडो लोकांसमोर देवाच्या नावाने शब्द दिला आहे. तो तू तिथे रोज मोडते आहेस. त्या बाईचं येणं बंद कर. मेळाव्याला नाही आलीस तर मी काय सांगू लोकांना?

यापुढे याविषयी लिहू नकोस.

प्रसन्न

*

नगर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय विनया हिस,
सप्रेम सलाम.

हे पत्र मी तुझ्या दादांना न सांगता लिहिते आहे. त्यांनी तुला काय लिहिलं ते पाकीट चिकटवताना वाचलं. दोन दिवस जेवले नाहीयेत. तो उपास नाही.

नऊ वर्षांपूर्वी आमचं बाळ गेलं ते तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. पूर्ण दिवसांचा मुलगा होता. त्या आठवड्यात बाहेरगावचे एक उपदेशक घरी आले, आणि त्यांनी मला, अजून टाके ओले असताना, सांगितलं की विश्वास कमी पडला. तुझे दादा शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. मला बाळ दाखवलं नव्हतं. दफन उरकून आले आणि हात धुतले, तेव्हापासून त्यांनी त्याचा विषय काढलेला नाही. नावही ठेवलं नाही.

मैथिली बरी झाली पाहिजे असं ते म्हणतात तेव्हा मला वाटतं, ते त्या उपदेशकाला उत्तर देत असतात. तू त्यांना माफ कर असं म्हणत नाही. एवढंच म्हणते, की नगीनाबाईंना येऊ दे. माझ्या कुशीत बाळ दिलं असतं आणि कुणी घेऊ का असं विचारलं असतं, तर मी त्याला दिलं असतं.

दुपटी अजून शिवते आहे. जीव सांभाळ.

तुझी,
सुधावहिनी

*

शास्त्री नगर, जयपूर
२५ फेब्रुवारी २०२५

ती. दादा व सौ. वहिनीस,
सप्रेम सलाम वि. वि.

मैथिली बुधवारी, एकोणीस तारखेला दुपारी गेली. चौसष्ट दिवस. दादा, तुझा फोन देवेंद्रने घेतला होता. नुसता तुझा श्वास ऐकू येत होता असं तो म्हणाला.

कसं झालं ते तुम्हाला सांगते, कारण इथे कुणाला सांगता येत नाही. चार दिवस मी डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. नगीनाबाईंनी मला जवळजवळ ढकलूनच न्हाणीघरात पाठवलं. ओल्या केसांनी बाहेर आले तर त्या गॅलरीत उन्हात बसल्या होत्या, मैथिली मांडीवर. त्यांनी वर पाहिलं आणि मला कळलं. मी विचारलं, हाक का नाही मारलीत. त्या म्हणाल्या, ती माझ्याकडे बघत होती, ओरडले असते तर जाताना दचकली असती.

मी बाळ त्यांच्या हातातून ओढून घेतलं. आणि म्हणाले, तुमच्याच हातांनी गेली. अपशकुनी म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडून आला, दादा, ज्या तोंडाने मी तुला बाबांचा शब्द शिकवला होता. त्या उठल्या, चपला घातल्या, दार हळूच लोटून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. निळ्या दुपट्यात. पेटी देवेंद्रने एकट्याने उचलली, एवढीशीच होती. नगीनाबाई त्या दोघींना घेऊन दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. चर्चमधल्या एकाने विचारलं, या कोण, इथे कशाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एक शब्द बोलले असते तर त्या आत आल्या असत्या. मी खाली मातीकडे बघत राहिले.

मुलगी गेल्याचं दुःख मला पेलेल कदाचित, ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे दुसरं पेलत नाही.

दूध अजून येतं. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

तुमची,
विनया

*

नगर
६ मार्च २०२५

प्रिय विनू,

या वेळी वर आशीर्वाद लिहीत नाही. मी तो कुणाला देण्याच्या जागी सध्या नाही. सलाम घे.

मेळावा झाला. विश्वस्तांनी सांगितलं होतं, भाचीचा विषय काढू नका, दुसऱ्या कुणाच्या आशीर्वादाची साक्ष देऊ. मी हो म्हणालो होतो. रविवारी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो आणि पहिल्या रांगेत सुधा दिसली. नऊ वर्षं ती पहिल्या रांगेत बसते, पाळकाची बायको म्हणून. तिच्या मांडीवर निळं कापड होतं, तुझ्या दुपट्याचं उरलेलं.

मी सांगितलं की मैथिली गेली. सांगितलं की ती बरी होईल असं देव मला म्हणालाच नव्हता, मीच त्याच्या नावावर बोललो. तिच्या आईचा विश्वास कमी पडला नाही. मग म्हणालो, मला एक मुलगा होता. पाहुणे उपदेशक आले, माझ्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला आणि गाणं सुरू केलं. पुढची मंडळी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मी खाली उतरलो.

मांडवामागे मी बसलो होतो तिथे एक म्हातारी आली. सरकारी दवाखान्यात झाडू मारते, आपल्याकडे नऊ वर्षं येते, नाव मला माहीत नव्हतं, लाज वाटते सांगायला. तिची तीन मुलं गेली. ती म्हणाली, इथे सगळे सुखाची साक्ष देतात, म्हणून मी मागच्या सतरंजीवर बसून गप्प राहायचे. तिच्यामागून आणखी पाच-सहा जण आले. कुणाचा मुलगा गेलेला, कुणाची सून माहेरी निघून गेलेली. ही सगळी माझीच मंडळी होती, विनू, आणि मी त्यांना ओळखत नव्हतो. आम्ही तिथे नुसते रडलो. बाबांचा शब्द मी इतकी वर्षं व्याकरणासकट शिकवला. तो कुणाविषयी आहे ते त्या मांडवामागे कळलं.

विश्वस्तांनी पुढच्या महिन्यापासून येऊ नका असं कळवलं आहे. घरही मंडळीचंच आहे, त्याचं बघू.

तुझ्याकडे एक मागणं आहे. नगीनाबाईंविषयी मी काय लिहिलं ते तुला ठाऊक आहे, तू काय म्हणालीस ते तू लिहिलंस. आपण दोघं सारखेच. तू त्यांच्याकडे जा. त्यांनी तुला दारात उभं केलं, तर ईस्टरच्या सुमारास मी आणि सुधा येतो. आमच्या बाळाला पुरताना मी प्रार्थना केली नव्हती. ओठ हलवले होते फक्त. त्याच्यासाठी त्या काही म्हणतील का, विचारशील?

तुझा,
दादा

*

शास्त्री नगर, जयपूर
२० मार्च २०२५

ती. दादा व सौ. वहिनीस,
सप्रेम सलाम वि. वि.

काल चारदीवारीत गेले. देवेंद्र येतो म्हणाला, मी नको म्हटलं. खड्यांना पैलू पाडणाऱ्यांच्या गल्लीत, दोन जिने चढून त्यांची खोली आहे. दार नगीनाबाईंनीच उघडलं. मी उंबऱ्यातच पाया पडायला वाकले तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं आणि आत नेऊन चारपाईवर बसवलं.

मी जे बोलले होते ते पुन्हा माझ्याच तोंडाने सांगितलं, आणि फाटकापाशी जे बोलले नाही तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लागलं नाही असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, लागलं, त्या शब्दाची सवय आहे, पण तुमच्या घरी ती सवय सुटायला लागली होती. मग दोघी रडलो. पहिल्यांदा कुणीतरी मैथिलीसाठी माझ्याबरोबर आवाज काढून रडलं. त्यांनी तिच्या झोपण्याच्या खोडी मला सांगितल्या, ज्या मी झोपलेली असल्यामुळे मला माहीत नव्हत्या. डाव्या कुशीवर घेतलं की ती एक भुवई उचलायची म्हणे. दादा, माझ्या मुलीची एवढी गोष्ट त्यांच्याजवळ होती आणि मी ती फाटकाबाहेर ठेवली होती.

मग तुमचं मागणं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीचं आणि हात धुतल्याचंही सांगितलं, वहिनी, रागावू नका. त्यांनी विचारलं, बच्चे का नाम? मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, भाऊ-भावजयीला येऊ दे, मी त्यांना माझ्या घरी जेवू घालीन. पण बेनाम बाळाला मी दुवा देत नाही, दुवा बसायची कुणावर.

तर दोघांनी मिळून त्याचं नाव ठेवा, आणि मगच गाडीत बसा.

वाट बघते.

तुमची,
विनू