कुया तोन्यो, उद्या मॅच आहे

प्रिय कुया तोन्यो,

उद्या सकाळी आपल्या मुलींची मॅच आहे आणि त्यांना ट्रेनर नाही. हे कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुलाच लिहितेय. मराठीत, कारण तुला मराठी येत नाही. इतकी वर्षं तुझ्याशी मोडकंतोडकं जर्मन आणि बरंसं इंग्रजी बोलले, आता निदान मनातलं नीट बोलू दे.

खरं म्हणजे मनात फारसं काही नाहीच. तू झोपेतून उठला नाहीस, हार्ट होतं, असं लूसताईनं मला जिन्यात सांगितलं, तेव्हा मी "अच्छा" म्हणाले. अच्छा! मग वर येऊन कुकर लावला. दुसऱ्या दिवशी गेर्लिंगेनला ऑफिसात जाऊन मीटिंगमध्ये "गेनाऊ, गेनाऊ", बरोबर बरोबर, करत मान हलवली. अजून रडू आलेलं नाही. माझ्यात काही बिघडलंय का रे?

तुम्ही आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आलात तेव्हा तुझी बायको लूसताई नर्स आहे, एवढंच कळलं होतं. तू काय करतोस विचारल्यावर म्हणालास, "बास्केटबॉल." आणि उंची माझ्याएवढी! मला हसू आवरलं नाही. तूही हसलास, आणि तुमच्याकडे थोरल्या भावाला कुया म्हणतात, तू मला कुया म्हण, असं सांगून मोकळा झालास.

पुढे काही सांगितलंस का? नाव नको. तू तिकडे केवढा प्रसिद्ध ते कळलं उन्हाळ्यात, मागच्या अंगणात ग्रिल लावलं तेव्हा. लूसताईच्या हॉस्पिटलातल्या फिलिपिनो नर्सेस तुला बघून शाळकरी पोरींसारख्या किंचाळल्या. फोटोसाठी रांग! आणि तू हातात चिमटा धरून कोंबडी उलटत उभा.

मग मीच तुला खोदून खोदून विचारत गेले. बेटावरचं गाव, चर्चच्या भिंतीला लागून कोर्ट, पायात स्लीपर. आमच्याकडे गल्लीत क्रिकेट, तसं तुमच्याकडे हे. पुढे मनिलात कॉलेजची टीम, मग प्रोफेशनल लीग. तिथल्या टीमना शहरांची नाही, कंपन्यांची नावं असतात, हे ऐकून मी किती चिडवलं तुला! आधी तू साबणाकडून खेळलास, मग नूडल्सकडून, मग कोंबडीखाद्याकडून. "सकाळी फोन येतो, उद्यापासून तू नूडल्सचा," असं म्हणायचास, आणि तुला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

फायनलची गोष्ट मात्र मला अजून पटलेली नाही. मुख्य खेळाडू फाउल होऊन बाहेर गेला आणि अगदी शेवटी तुला आत पाठवलं. बॉल तुझ्या हातात, समोर एकच माणूस, सगळं स्टेडियम उभं. तू पास दिलास! तुम्ही जिंकलात. पेपरात फोटो आला दुसऱ्याचा, तुझं त्यात फक्त कोपर. तू का नाही टाकलास, असं मी विचारलं तर म्हणालास, "त्याच्यासमोर कुणीच नव्हतं." बस, एवढंच?

मग गुडघा गेला, कुठल्याच कंपनीचा फोन येईना, आणि लूसताईच्या मागोमाग तू इकडे आलास. त्सुफेनहाउझेनच्या गोदामात खोकी उचललीस आणि संध्याकाळी हॉलमध्ये मुलींना शिकवलंस. गुडघ्याबद्दल तू कधी कुरकुरला नाहीस. पण छातीत दुखतंय हे तरी सांगायचंस! बायको नर्स आहे रे तुझी. तिचा चेहरा बघवत नाही.

परवा फेरआइनच्या, म्हणजे क्लबच्या, बाईंचा फोन आला. "हे बघा, मुलींबरोबर बेंचवर कुणी मोठं माणूस नसेल, तर टीम लीगमधून काढून घ्यावी लागेल. तुम्ही बसाल का?" मी! दर शनिवारी स्कोअरच्या टेबलाशी बसून गुण लिहिते म्हणून. मी आयुष्यात बॉल आपटलेला नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगते म्हणाले. आणि टीम राहिली तरी आमची इरा खेळणार कुठे? तू गेल्यापासून तिनं खेळाच्या बॅगेला हात लावलेला नाही. तुझं नावही काढत नाही. तिला विचारलं की "पास्ट शोन" म्हणून खोलीत जाते. चालेल म्हणे!

काल चर्चच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना होती. निघताना लूसताईनं माझा हात धरला. "सरळ घरी जाऊ नकोस हं. आधी कुठेतरी थांब, कॉफी पी. नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग घरी येतं." बाकीचे सगळे स्टेशनजवळच्या बेकरीत गेले. मीही हो म्हणाले, आणि सवयीनं तडक घरी आले. आमच्याकडे अशा ठिकाणाहून आलं की वाटेत कुणाकडे जात नाहीत, आधी अंघोळ.

केस पुसत बाहेर आले तर इरा पॅसेजमध्ये उभी. "ममा, तू मध्ये कुठे थांबलीस?"

"नाही गं. का?"

तिनं माझ्या मागे दाराकडे बघितलं. घाबरली नव्हती. "दान इस्ट एर येट्स्ट हीअर," म्हणाली. म्हणजे, मग तो आता इथेच आहे. ही तुमची रीत तूच तिला सांगितली असणार! मग खोलीत जाऊन तिनं बॅग ओढली, बूट काढले आणि मॅचआधी पुसते तसे त्यांचे तळ ओल्या फडक्यानं पुसत बसली.

आज शाळेतून आल्यावर तिनं पुन्हा तेच केलं. हे पत्र इथवर लिहून मी उठले आणि फेरआइनला फोन केला. हो म्हणाले.

कुया, टाइमआउट घेऊन काय बोलायचं ते मला माहीत नाही. रडूही आलेलं नाही अजून, कधी येईल ठाऊक नाही. पण वचन देते. उद्या सकाळी निघताना आमचं दार मी जरा जास्त वेळ उघडं धरीन. एस-बान लोकलमध्ये माझ्या शेजारची जागा कुणाला देणार नाही. आणि हॉल येईपर्यंत वाटेत कुठ्ठेही थांबणार नाही.

तुझी वरच्या मजल्यावरची बहीण,
मृणाल