मिठागरातली साक्ष

आये, काल खारघरला नातीच्या घरी तुझा विषय निघाला. तिनं विचारलं, "पणजी काय काम करायची?" मी म्हटलं, मिठागरात मीठ ओढायची. मग पुढचं सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

माझं लग्न ठरलं होतं त्या वर्षी. उधाणाच्या भरतीनं मिठागराच्या बांधाला भगदाड पडलं. चिखल भरायला मुकादमानं तुझ्या जोडीच्या घाटावरच्या बाईला खाली उतरवलं. तिला सातवा महिना होता. "तिला नको, मी उतरते," तू म्हणालीस. त्यानं ऐकलं नाही. बांध ढासळला आणि पाण्यानं तिला ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी ती सापडली तेव्हा मुकादम सांगत फिरत होता, बाई काम सोडून खेकडे-चिंबोऱ्या धरायला गेली होती.

चौकशीला पनवेलहून साहेब यायचा होता. आदल्या संध्याकाळी बाबा चुलीपाशी येऊन बसले. "आपल्याला इथंच रावाचं हाय. बोलून ती परत येनार हाय का?" भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "ती नाय येनार. पन मेलेलीवर खोटं कशाला?"

साहेबासमोर सगळे खाली मान घालून उभे आहेत. मुकादम तुझ्याकडेच बघतोय. तू पदर खोचून पुढे होतेस. "साहेब, ती चिंबोऱ्यांना नव्हती गेली. यानं उतरवली तिला. मी तिथंच उभी होती."

मुकादमाला काढलं, पण मिठागराची वाट तुलाही बंद झाली. तू सुकटीची पाटी डोक्यावर घेतलीस. गावी परतताना त्या बाईचा नवरा आपल्या दारात आला. घरात ये म्हटलं तरी आला नाही. "तिच्या आईला काय सांगू, कळत नव्हतं. आता खरं सांगता येईल," एवढंच बोलून हात जोडून गेला.

पुढे सुकट घेणाऱ्या प्रत्येकीला तू ती गोष्ट सांगायचीस. मी कंटाळून म्हणायचे, किती वेळा तेच? तू म्हणायचीस, "तिचं हितं दुसरं कोन हाय सांगाला?"

आता मी सांगते. मिठागर कुठे होतं ते नातीला खिडकीतून दाखवलं. तिथे आता इमारती आहेत. तिनं विचारलं, "आजी, ती बाई दिसायला कशी होती?"

मी सांगितलं, सावळी, उंच, कपाळावर गोंदण. खरं तर आये, तिचा चेहरा मला आठवत नाही. मी तुझं वर्णन केलं.