प्लास्टरच्या मास्तरांचे कान

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (एवढ्या लांबून घालायला हरकत नाही, पाठ तुमच्या हाताच्या टप्प्यात येत नाही.) गुडघा काय म्हणतो? मामीचा आवाज अजून चौथ्या घरापर्यंत जातो ना? मी खुशाल आहे, म्हणजे महिनाअखेरपर्यंत तरी आहे.

मी इथे जुन्या शाळांच्या संग्रहालयात झाडपूस आणि डागडुजी करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (सहावीत तुमच्या वर्गातून पळालेलं पोर शेवटी शाळेतच सापडलं, असं तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, तेही कळलं.) गेल्या महिन्यात आमच्या मोठ्या बाईंनी शिक्षेच्या इतिहासाचं दालन उघडलं. काचेच्या कपाटांत वेत, पट्ट्या, चामड्याच्या वाद्या, गाढवाचे कान लावलेली टोपी. पुसता पुसता सगळे फलक वाचले. शेकडो वर्षांत लाकूड बदललं, जागा बदलली (कुठे तळहात, कुठे बूड), कारण मात्र तेच : पोराच्या भल्यासाठी. शेवटचा फलक मारायला बंदी आली त्याचा. तिथे कोणी थांबत नाही, कारण शेजारीच बाहेरचा दरवाजा आहे.

मधोमध खुर्चीत प्लास्टरचे मास्तर बसवलेत, आणि घोडं तिथेच पेंड खातंय. रोज त्यांचा एखादा अवयव तुटलेला. आज कान, उद्या नाक, परवा मिशीचं टोक. मी चिकटवतो, पुन्हा तुटतो. बाईंना वाटतं पुसताना मीच पाडतो. महिनाअखेर चोर दाखव नाहीतर चालू लाग, असं त्यांनी सुनावलं.

म्हणून परवा जेवणाच्या सुट्टीत फळ्यामागे दडून बसलो. आले एक निवृत्त न्यायाधीश, सुनेला घेऊन. मार खाल्ला म्हणून माणसात आलो, असं तिला अभिमानाने सांगितलं. सून पुढे गेली, तसे मागे फिरले, इकडेतिकडे पाहिलं आणि मास्तरांचा कान असा पिरगळला की माझाच हात कानावर गेला. कान हातात आला, तो मुकाट्याने खुर्चीखाली सारला. मग एक दातांचे डॉक्टर. त्यांनी नाक धरून हलवलं (सवयीने, मुळासकट काढायला). मग वह्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई, त्यांनी तर फाडकन मुस्काटात दिली आणि पर्स सावरून गेल्या. अभिप्रायाच्या वहीत तिघांनीही लिहिलं, आता तो धाक राहिला नाही!

आता न्यायाधीशांची फिर्याद मी कुठे न्यावी? बाईंना म्हटलं, चोर एक नाही, येणारा प्रत्येक जण आहे. त्या म्हणाल्या, "मग मास्तर वाचवायची युक्ती काढ, नोकरी वाचेल."

मामीला नमस्कार.

तुमचा (मार वाया गेलेला) भाचा

ता. क. : युक्ती काढली. खुर्चीत जिवंत मास्तर बसवायचे. त्यांच्या कानाला हात लावायची कोणाची छाती आहे? पगार, दोन वेळा चहा, बसल्या जागी डुलकी. बाईंना तुमचं नाव सांगून टाकलंय. नाही आलात तर मी कायमचा तुमच्याकडे मुक्कामाला.

आणखी एक : लोकांना फरक कळणार नाही. पुतळेवाल्याने मास्तर कसे असतात म्हणून विचारलं, तेव्हा मी तुमचाच चेहरा सांगितला होता.

आणि शेवटचं : पहिला कान मीच उपटला. फार बरं वाटलं. पण शेजारी स्टूल असूनही चिकटवला मात्र उभ्यानेच, तुमच्या चेहऱ्यापुढे बसायची अजून छाती नाही.