घरपोच सेवेचा निकाल

प्रिय वन्सं,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण नव्या खुब्यासह तो घातला तर मला उठवायला चौघं लागतील, तेव्हा खुर्चीतूनच नमस्कार. तुमची नवी कवळी नीट बसली का? जुनीसारखी बोलताना खाली येत नसेल अशी आशा आहे. (तुमच्या बोलण्याचा वेग तिला झेपत नव्हता, बिचारीचा दोष नाही.) मी मजेत आहे. म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून घरी आले तेव्हा होते. त्यानंतर माझी काळजी घेणं सुरू झालं.

ही घरपोच सेवा थोरल्याने ठरवली. मी एकटी राहणार हे त्याच्या गळी उतरतच नव्हतं. शेवटी असं ठरलं की पाच आठवड्यांनी सेवेच्या समन्वयकबाई माझ्याबद्दल लेखी देतील. एकटी राहू शकते म्हणाल्या तर मी इथेच, नाही तर हे घर बंद आणि मी कायमची त्याच्याकडे. मी म्हटलं, बरं. चौतीस वर्षं भूगोल शिकवून शेकडो मुलींना पास-नापास केलेल्या बाईला एका परीक्षेचं काय एवढं. (सून चांगली आहे हो, पण माझ्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलते. आणि पाहुण्या बाईला कुणावर ओरडता येत नाही. मग दिवस कसा जायचा?)

सेवेत चौघं आहेत. नर्सबाई ऑपरेशनची जखम बघतात आणि बघताना गुणगुणतात. व्यायाम करून घेणारा उंच गृहस्थ, त्याला मी कवायतमास्तर म्हणते. आहारतज्ज्ञ बाई, ज्यांनी पहिल्याच दिवशी माझी साखरेची बरणी उघडून आत असं बघितलं की जणू तिथे पाल होती. आणि या सगळ्यांवर समन्वयकबाई, ज्या फोनवर असतात. या सेवेचं वैशिष्ट्य म्हणजे समन्वय. म्हणजे चौघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, सगळं एका निळ्या फाइलीत लिहायचं. फाइल माझ्या टेबलावर. मग प्रत्येक जण येतो, फाइल उघडून हातात धरतो आणि मला विचारतो, जन्मतारीख काय, ऑपरेशन कोणत्या बाजूचं, पोट साफ होतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी इतक्यांना दिलंय की आता रस्त्यात कुणी "कशा आहात" विचारलं तरी तेच तोंडात येईल.

आता खरा घोटाळा सांगते. फाइलीत रोजच्या भेटींचा तक्ता असतो. तारीख, वेळ, कोण आलं, आणि शेवटी एक रिकामा चौकोन, त्यात छापलेलं "/१०". हा चौकोन प्रत्येक भेटीनंतर मी स्वतः भरायचा. वरचं शीर्षक फाइलीच्या पत्र्याच्या पट्टीखाली दाबलेलं. समन्वयकबाईंनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं असेलही, पण त्या बूट घालून सतरंजीवर उभ्या होत्या आणि माझं लक्ष बुटांकडे होतं. आता तुम्हीच सांगा वन्सं, जिने जन्मभर पेपर तपासले तिच्यापुढे दहापैकीचा चौकोन ठेवला तर ती काय करील? मी गुण दिले. प्रत्येक भेट संपली की चष्मा लावून, विचार करून, न्यायाने. नर्सबाईंना सहा (हात हलका, पण गुणगुणण्याचा एक गुण कापला). आहारतज्ज्ञ बाईंना दोन. कवायतमास्तरांना नऊ. तुम्हाला माझा हात माहीत आहे. नऊ मी अख्ख्या नोकरीत दोनदाच दिलेत. पण हा माणूस मला पहिल्या आठवड्यात दारापर्यंत आणि दुसऱ्यात पाच पायऱ्या घेऊन गेला, आणि एकदाही "शाब्बास आजी" म्हणाला नाही.

आणि मग काय व्हावं? तिसऱ्या आठवड्यात कवायतमास्तर यायचे बंद झाले. आहारतज्ज्ञ बाई आठवड्यातून एकदाऐवजी तीनदा येऊ लागल्या. दुखण्यावरच्या गोळ्या दुप्पट झाल्या. मी फोन करून जाब विचारला तर समन्वयकबाई इतक्या गोड बोलल्या की मला शाळेतल्या मदर सुपीरियर आठवल्या. त्या गोड बोलल्या की समजायचं, कुणाच्या तरी घरी चिठ्ठी गेली आहे. गोळ्यांनी मला दुपारभर झोप लागायची. त्यातच थोरला न कळवता आला. बेल वाजवून दमला, शेवटी शेजारणीकडची किल्ली घेऊन आत शिरला, तर आई चार वाजता खुर्चीत, तोंड उघडं, चष्मा मांडीवर. झालं. त्याने तिथल्या तिथे घरी फोन करून खालची खोली आवरायला सांगितली.

परवा इथेच, माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती, बैठक झाली. थोरला, समन्वयकबाई आणि तिघं सेवेकरी. समन्वयकबाईंनी एक आलेख काढला. म्हणाल्या, "बाई, व्यायामानंतर तुमच्या वेदना दर वेळी नऊवर जातात, आणि आहारतज्ज्ञ आल्या की दोनवर उतरतात. असं मी आजवर पाहिलं नाही."

आहारतज्ज्ञ बाई लाजल्या. खरंच लाजल्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

वन्सं, त्या मिनिटाला मी गप्प बसू शकले असते. मुलींनो, आधी प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा, असं चौतीस वर्षं घसा फोडून सांगणारी मी, आणि मीच प्रश्न न वाचता पाच आठवडे उत्तरं लिहीत होते, हे मुलासमोर कबूल करायचं? पण गप्प बसले तर खालची खोली. तेव्हा मी म्हटलं, "त्या वेदना नाहीत. ते गुण आहेत. यांचे."

आहारतज्ज्ञ बाईंनी फाइल स्वतःकडे ओढून पान न् पान चाळलं. "मला दोन?"

"त्यातला एक अक्षराचा," मी म्हटलं.

कवायतमास्तर नुसते खिडकीबाहेर बघत होते, पण एक गुण कशात गेला हे त्यांनी निघताना हळूच विचारून घेतलंच. (उशिरा येण्यात.)

मला वाटलं, सुटले. पण थोरला वकिलाच्या वरताण. म्हणे, जिला फाइलीतलं शीर्षक दिसलं नाही तिला औषधाच्या बाटलीवरचं कसं दिसणार? यावर मी चष्मा पुसायला घेतला. (हे दुसऱ्या कुणाला सांगू नका.) समन्वयकबाईंनी मात्र समजूतदारपणे मधला मार्ग काढला. गोळ्या कमी, व्यायाम पुन्हा सुरू, महिनाभराने पुन्हा तपासणी, आणि तोवर घरात कुणी तरी सोबत हवं. असो. चालायचंच. उत्तराची घाई नाही, सवडीने लिहा. धाकट्यांना आशीर्वाद, आणि कवळीला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. सोबत कोण असेल, या रकान्यात मी तुमचं नाव लिहिलंय. शीर्षक या वेळी दोनदा वाचलं. गुरुवारी अकराला समन्वयकबाई तुम्हाला फोन करतील. झोप सावध आहे म्हणून सांगा. शनिवारी या. पूर्वेकडची खोली तयार आहे.

ता. क. २. तुमचं नाव ऐकून थोरला हसला. म्हणाला, आत्या आणि तू एका छपराखाली महिनाभर? आठवड्यात कुणी तरी पळेल, मी खोली आवरलेलीच ठेवतो. तेव्हा वन्सं, आपल्याला काय भांडायचं असेल ते रोज त्याचा फोन येऊन गेल्यावर भांडू. मला हे घर सोडायचं नाही हो. तुमच्या बंधूंनी प्रत्येक खिळा स्वतः वाकडा ठोकलाय.

ता. क. ३. फोनवर तुमच्या पाठीबद्दल चकार शब्द नको. आणि शनिवारी दारात समन्वयकबाई भेटल्याच, तर तुमच्या हातातली काठी तुम्ही माझ्यासाठी आणली आहे असं सांगायचं. आत येईपर्यंत भिंतीला धरा. मी पलीकडून वॉकर घेऊन येतेच.